दर वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं आहे: "तीन वर्षांत आमच्याकडची बाळंतपणं वाढली, पण मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळंही वाढली. दर हजारी आकडा चढला आहे. जिल्ह्याच्या बैठकीत मला उभं करून जाब विचारतात. आम्ही खरंच वाईट काम करतोय का? आणि हे मृत्यू कशाने होतात ते कागदावरून शोधायचं कसं?"

डॉक्टर, मी स्त्रीरोगतज्ज्ञ. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या लेबर रूममध्ये २६ वर्षं काढली, आणि त्या बैठकीत उभं राहायची पाळी माझ्यावरही आली आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की नुसत्या दरावरून ते मला सांगता येणार नाही. ते तुमच्या साहेबांनाही सांगता येणार नाही, फक्त त्यांना ते मान्य नसतं.

आधी हा दर, म्हणजे पेरिनेटल मृत्यूदर, बरोबर काढला आहे ना, ते बघा. २८ आठवडे पूर्ण झाल्यावर, किंवा दिवस माहीत नसतील तर १००० ग्रॅम वजन भरलेलं, मृत जन्मलेलं बाळ आणि जन्मानंतर ७ दिवस पूर्ण व्हायच्या आत गेलेलं बाळ, या दोघांची बेरीज वर. खाली एकूण जन्म, म्हणजे जिवंत अधिक मृत. बऱ्याच ठिकाणी खाली फक्त जिवंत जन्म धरतात, २५ आठवड्यांचा गर्भपातही वर मोजतात, आणि दुसरीकडे जन्मून तुमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, आलेलं बाळ दगावलं तर तेही तुमच्याच खात्यावर टाकतात. बाहेर जन्मलेल्या बाळांचा हिशेब वेगळा ठेवा. त्यांचा मृत्यू महत्त्वाचा आहेच, पण तो तुमच्या लेबर रूमबद्दल काही सांगत नाही.

आता चढत्या आकड्याबद्दल. एक काल्पनिक हिशेब मांडते. समजा वर्षाला २००० बाळंतपणं. त्यातल्या १८०० बायका तुमच्याकडेच तपासणीला येणाऱ्या, त्यांच्यात दर हजारी १५ मृत्यू, म्हणजे २७. उरलेल्या २०० बाहेरून अडलेल्या अवस्थेत रेफर झालेल्या, त्यांच्यात दर हजारी १००, म्हणजे २०. एकूण ४७, दर साडेतेवीस. दोन वर्षांनी तुमच्याकडे भूलतज्ज्ञ आला, रक्त साठवणुकीची सोय झाली, म्हणून आसपासची केंद्रं जास्त बायका पाठवू लागली. आता १६०० आपल्या आणि ४०० रेफर. दोन्ही गटांतली काळजी जशीच्या तशी. मृत्यू २४ अधिक ४०, एकूण ६४, आणि दर ३२. कोणीही काम बिघडवलं नाही, तरी दर साडेतेवीसचा बत्तीस झाला. म्हणून बैठकीला जाताना हे दोन गट वेगळे करूनच जा. आपल्या बायकांचा दर वाढला असेल तर मात्र खरंच बसून विचार करायला हवा.

या वाढीमागे इतिहासही आहे. २००५–०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९–२१ मध्ये ८९ टक्के, आणि महाराष्ट्रात ९५ च्या आसपास. जननी सुरक्षा योजना २००५ ची, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा, त्यानंतर १०८ ची गाडी. बाळंतपण घरातून दवाखान्यात आलं तसा मृत्यूही घरातून दवाखान्यात आला. आधी तो होत नव्हता असं नाही, त्याची नोंद होत नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरोघरी मोजणी केली, तेव्हा १९९३–९५ मध्ये महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ निघालं. सरकारी कागदावर त्यातली किती होती, ते विचारू नका. पुढे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन काळजी घेतल्यावर ते पंचविशीपर्यंत उतरलं, आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्याचं मूळ तिथे आहे. देशाचा पेरिनेटल मृत्यूदर त्याच पाहण्यांत ४९ वरून ३६ आणि मग ३२ वर आला. उतार आहे, पण संस्थात्मक बाळंतपणं ज्या वेगाने वाढली त्या वेगाने हा आकडा खाली आला नाही. दवाखान्याच्या दारात पोचली म्हणजे वाचली, असं होत नाही.

आता कारणं. पुस्तकातली यादी तुम्हाला पाठ आहे: गुदमरणं, कमी दिवसांचं बाळ, जंतुसंसर्ग, व्यंग, रक्तदाब, वार सुटणं. यादी खरी आहे, पण ती घेऊन बसलात तर दर महिन्याला "गुदमरणं १०, कमी दिवस ८" असं लिहाल आणि त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी एक मोठा कागद घ्या. आडव्या तीन ओळी वजनाच्या: १५०० ग्रॅमच्या आतली, १५०० ते २४९९, आणि अडीच किलो व वरची. उभे चार रकाने वेळेचे: दाखल होण्याआधीच पोटात गेलेलं, दाखल झाल्यावर कळांमध्ये गेलेलं, पहिल्या २४ तासांत गेलेलं, दुसऱ्या ते सातव्या दिवसात गेलेलं. गेल्या वर्षीचा प्रत्येक मृत्यू एका चौकटीत बसवा. दोन तासांचं काम आहे. कुठल्या चौकटीत गर्दी झाली ते बघून मगच कारणाकडे वळा.

अडीच किलोचं, व्यंग नसलेलं बाळ, जे दाखल होताना जिवंत होतं आणि कळांमध्ये गेलं, ही चौकट तुमची आहे. ती आशाताईची नाही, सासूची नाही, रस्त्याची नाही. त्या चौकटीत एक जरी बाळ असलं तरी त्याचा कागद मागवा आणि तासातासाने वाचा.

पण इथेच पहिली अडचण येते. "दाखल होताना जिवंत होतं" हे कळणार कसं? आपण मृतजन्माची ताजा आणि सडलेला अशी विभागणी करतो. त्वचा शाबूत असेल तर बाळ कळांमध्ये गेलं, सालं निघत असतील तर आधीच गेलं, असं धरतो. ते अर्धवट खरं आहे. त्वचा सुटायला साधारण सहा तास तरी लागतात. भामरागडहून निघालेली बाई गडचिरोलीला पोचेपर्यंत बाळ वाटेत चार तासांपूर्वी गेलेलं असू शकतं, आणि जन्मतं तेव्हा अगदी ताजं दिसतं. मग तो मृत्यू फुकट तुमच्या नावावर चढतो. उलटही होतं: बाळ तुमच्याच लेबर रूममध्ये संध्याकाळी गेलं, बाळंतपण दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, त्वचा सुटलेली, म्हणून "आधीच गेलेलं" असं लिहून सगळे मोकळे. याला उपाय एकच. बाई दारातून आत आल्यावर पाच मिनिटांत डॉपलरने ठोके ऐकायचे आणि वेळेसकट लिहायचे. ठोके नसतील तर नातेवाइकांना तिथेच सांगायचं आणि त्यांच्यासमोर लिहायचं. हा एक रकाना कोरा असेल तर बाकीचं रजिस्टर जाळलं तरी चालेल.

आणि तो रकाना भरलेला असेल तर नीट बघा, कसा भरला आहे. एका रुग्णालयात मृत्यूंची तपासणी करायला गेले होते. पन्नासेक केसपेपर वाचले. जवळजवळ प्रत्येक कागदावर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके १४०. जी बाळं मेली त्यांचेही १४०, शेवटच्या नोंदीपर्यंत. तेव्हापासून मला १४० या आकड्याची भीती वाटते. खरे ठोके १२८ असतात, १५२ असतात, कळ संपल्यावर १०५ वर उतरून परत वर येतात. सिस्टरला दोष द्यायला सोपं आहे, पण त्या रात्रपाळीला एक सिस्टर आणि पाच बायका होत्या. कळांच्या पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाला आणि जोर द्यायला लागल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे, असा नियम आहे. एका माणसाने पाच बायकांचा हिशेब करून बघा, जमतो का. म्हणून बैठकीत पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचे तक्ते, किती टक्के भरले हे विचारण्याऐवजी रात्रपाळीला किती हात होते ते विचारा. बाळंतपण झाल्यावर निवांत बसून भरलेला पार्टोग्राफ कसा ओळखायचा, तेही सांगते: सगळ्या फुल्या एकाच शाईच्या, आणि रेषा शाळेच्या पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

या चौकटीतलं एक कारण मात्र कधीच कागदावर येत नाही. डिसेंबरातली, कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. दुसरटकर बाई, पहिलं बाळंतपण सरळ झालेलं, रात्री दोनला गाडीतून उतरली. पोट दगडासारखं घट्ट, कळ सुटतच नव्हती. रेफरच्या चिठ्ठीवर एवढंच: "प्रगती नाही, पुढील उपचारासाठी". बाळ दोन किलो नऊशे, ताजं, गेलेलं. सासूला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सलाईनमध्ये सुई टाकली ना जी, कळा वाढाव्या म्हणून. दोनदा टाकली." ऑक्सिटोसिन. थेंब न मोजता, ठोके न ऐकता. हे औषध बाळंतपणानंतर आईचा जीव वाचवतं आणि बाळंतपणाआधी आंधळेपणाने दिलं तर बाळाचा श्वास कोंडतं, कारण दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल झालं तरच वारेतून बाळाला रक्त मिळतं. म्हणून रेफर आलेल्या प्रत्येक बाईच्या नातेवाइकांना न रागावता विचारा: सुई दिली का, किती वाजता, सलाईनमध्ये की दंडात? आणि उत्तर लिहा. सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की अशा केसेस कोणत्या दिशेने येतात. मग त्या केंद्रात जाऊन चहा प्या आणि बोला. नोटीस पाठवलीत तर पुढच्या वेळी चिठ्ठीही येणार नाही.

दाखल होण्याआधीच पोटात गेलेल्या बाळांची चौकट वेगळी गोष्ट सांगते. आपल्या भागात तिथे रक्तदाब, वार सुटणं, पोटात न वाढलेलं बाळ, तीव्र रक्तक्षय आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हे सगळे भेटतात. पूर्व विदर्भात काम करता आणि सिकलसेलची तपासणी कागदावर नाही, तर तपासणी अर्धीच झाली असं समजा. पण रोगापेक्षा मला एक रिकामी जागा दिसते. सातव्या महिन्यापर्यंतचे रक्तदाबाचे आकडे कार्डावर व्यवस्थित असतात, मग डोहाळजेवण होतं, पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, आणि कार्ड सासरी राहतं. माहेरच्या आशाताईच्या यादीत ती नाही, सासरच्या आशाताईच्या लेखी ती गेली. गर्भारपणातला रक्तदाब तर नेमका याच दोन महिन्यांत चढतो. मेळघाटात तेच स्थलांतराने होतं, दिवाळीनंतर कुटुंबं सपाटीवर मजुरीला उतरतात आणि होळीला परततात. तुमच्या कागदावर शेवटच्या रक्तदाबाची तारीख आणि मृत्यूची तारीख यांतलं अंतर मोजा. माझ्या माहितीत दुसरा कुठलाही आकडा जिल्ह्याच्या बैठकीत इतकी शांतता पसरवत नाही.

कमी वजनाच्या ओळींकडे येताना एक गोंधळ आधी सोडवावा लागतो: बाळ कमी दिवसांचं आहे की पूर्ण दिवसांचं पण सुकलेलं? आपल्या बाया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. "पोळ्याच्या आधी आली होती पाळी", "महालक्ष्म्या बसल्या तेव्हा नव्हती आली". हे हसण्यावारी नेऊ नका, सणाची तारीख पंचांगात पक्की असते आणि तिच्यावरून काढलेले दिवस पुष्कळदा नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीपेक्षा बरे निघतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत चूक आठवड्याभराची, शेवटच्या तीन महिन्यांत ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. सोनोग्राफी लवकर करून घ्या, आणि नाही झाली तर सण विचारा.

दिवस माहीत असणं का महत्त्वाचं, त्याचं उत्तर स्टेरॉइडमध्ये आहे. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं तर डेक्सामिथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात. गाडी येईपर्यंत पहिला डोस देऊन मगच पाठवायचं. पण हे औषध वाटत सुटायचं नाही. सहा देशांत, आपल्या नागपूरच्या आसपासच्या गावांसकट, एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दिवसांचा अंदाज धड नसलेल्या, पुढची सोय नसलेल्या ठिकाणी सरसकट स्टेरॉइड वापरल्यावर एकूण नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. मग २०२० मध्ये दुसऱ्या चाचणीने दाखवलं, की दिवस नीट ठरवलेले असतील आणि रुग्णालयात आई-बाळाची काळजी होणार असेल तर फायदा ठळक आहे. औषध तेच, फरक आजूबाजूच्या व्यवस्थेचा.

पहिल्या २४ तासांत गेलेली बाळं म्हणजे बहुतेक न रडलेली आणि गार पडलेली. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात पुसून, उत्तेजन देऊन, गरज पडली तर अंबू बॅगने श्वास द्यायचा, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण बॅग कपाटात कुलूपबंद आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये, हेही मी पाहिलं आहे. इथे एक सफाईदार लबाडीही चालते. बाळाचं हृदय चालू होतं, दोन आचके दिले, दहा मिनिटांत गेलं, आणि नोंद झाली "मृतजन्म". नाळेत ठोका, हृदयाचा ठोका, श्वास, हालचाल, यातलं काहीही दिसलं तर ते बाळ जिवंत जन्मलेलं आहे. तुमच्याकडे मृतजन्म भरपूर आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळजवळ शून्य असतील, तर निसर्गावर नाही, पेनावर शंका घ्या.

गारठ्याबद्दल लोकांना वाटतं, चंद्रपूरच्या ४६ अंशांत बाळ कसं गार पडेल? पडतं. मे महिन्यात लेबर रूममध्ये कूलर असतो आणि ओलं बाळ त्याच्या झोतात ठेवलेलं असतं. बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ऐंशी किलोमीटर पाठवायचं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून मावशीच्या मांडीवर नको, आईच्या नाहीतर आजीच्या उघड्या छातीशी. पाच देशांतल्या ज्या चाचणीत एक दिल्लीचं रुग्णालयही होतं, तिथे एक किलो ते एक किलो आठशेच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू एकचतुर्थांशाने कमी झाले. काचेच्या पेटीत ठेवून स्थिर झाल्यावर मग आईकडे द्यायचं, ही आमच्या पिढीची शिकवण २०२१ मध्ये उलटी पडली.

दुसऱ्या ते सातव्या दिवसाची चौकट मुख्यतः जंतुसंसर्गाची आणि फार लहान बाळांची. तुमच्या एसएनसीयूत एका वॉर्मरवर दोन बाळं झोपत असतील तर क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर हे जंतू पाहुणे म्हणून येणारच, आणि त्यांना लागू पडणारं औषध औषधालयात बहुधा नसतं. एक सावधगिरी: व्हेंटिलेटर आल्यावर काही बाळं सातव्या दिवसाऐवजी नवव्या दिवशी जातात आणि तुमचा पेरिनेटल दर सुधारलेला दिसतो. २८ दिवसांपर्यंतचा आकडा शेजारी मांडा. व्यंगांबद्दल फार लिहीत नाही. बाकीचे मृत्यू कमी झाले की त्यांचा टक्का आपोआप वाढतो, आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी वेळेत न होणं हीच तिथली मुख्य अडचण आहे.

कल बघताना महिन्याच्या आकड्यावरून हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. महिन्याला १५० बाळंतपणांच्या ठिकाणी मृत्यू दोनाचे पाच झाले तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. तीन-तीन वर्षांची सरासरी काढा. पण चार वेळांचे मृत्यू वेगळे मोजा: रात्रीचे, रविवारचे, दिवाळीच्या आठवड्यातले आणि पावसाळ्यातले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, तिथे दिवस भरत आलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळच्या 'माहेरघर' या सरकारी मुक्कामाच्या जागेत आणून ठेवणं हाच उपचार. रविवारचे मृत्यू मात्र नदीमुळे होत नाहीत. ते भूलतज्ज्ञ कोणत्या गावात राहतो त्यावर ठरतात. सिझेरियनचं प्रमाण वाढलं म्हणजे ही बाळं वाचतील असंही नाही. राज्यात २०१९–२१ मध्येच ते २५ टक्क्यांवर गेलं होतं, पण दुपारी दोनला ठरवून केलेली दहा सिझेरियन रात्री दोनच्या एका न झालेल्या सिझेरियनची भरपाई करत नाहीत.

महिन्याच्या मृत्यू तपासणीच्या बैठकीला सिस्टर, मावशी, गाडीचा चालक यांना बोलवा. गाडी किती वाजता निघाली आणि फाटकापाशी किती वेळ थांबली हे चालकाला माहीत असतं, तुम्हाला नाही. पहिल्या बैठकीत कुणाला झापलंत तर दुसऱ्या बैठकीला सगळ्यांचे कागद नीटनेटके होऊन येतील, आणि सगळ्यांचे ठोके १४०.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. बाळ गेलेली बाई आपल्याकडून बहुधा कोऱ्या कार्डावर घरी जाते. तिसऱ्या दिवशी तिला दूध येतं, हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि ती घरी एकटीच घाबरते. तिला ते आधी सांगा. दूध थांबवायला कॅबरगोलिन देणार असाल तर रक्तदाब बघा. अशा बायकांपैकी पुष्कळींना रक्तदाबाचाच त्रास असतो आणि त्यांना ते द्यायचं नसतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट बघा. तो पॉझिटिव्ह असेल किंवा कळला नसेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. आणि कार्डावर तुमच्या हाताने लिहा: किती आठवडे, बाळाचं वजन, ठोके शेवटचे कधी ऐकले, त्वचा कशी होती, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल, तुम्हाला वाटलेलं कारण, आणि पुढच्या वेळी कितव्या महिन्यात कुठे दाखवायचं. दीड वर्षाने ती परत गरोदर राहील, कदाचित दुसऱ्याच तालुक्यात, आणि समोरच्या डॉक्टरला सांगेल, "पहिलं पोटातच गेलं." त्या डॉक्टरच्या हातात तेव्हा तेवढंच कार्ड असेल.